ओपीडीतूनच निघालेलं संशोधन

'दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडून संशोधन होत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी' असं काहींचं मत असतं; ते मला पटत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ (न्यूरॉलॉजिस्ट) डॉ. नोशीर वाडिया आठवा.

तोल जाणं, चाल अडखळणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या काही रुग्णांमध्ये त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. आपण एका वस्तूवरून दुसरीकडे पाहतो तेव्हा बुबुळं क्षणार्धात उडी मारतात. या रुग्णांची बुबुळं मात्र संथ सरकत. हे पाहायला कुठलं यंत्र लागत नाही, डॉक्टरने बोट हलवायचं आणि थांबून नीट बघायचं! मग त्यांनी नातेवाईकही तपासले. 1971 मध्ये डॉ. स्वामींबरोबर त्यांनी अशा नऊ कुटुंबांचं वर्णन 'ब्रेन' या नियतकालिकात छापलं. तोल बिघडवणाऱ्या त्या आनुवंशिक आजाराला आज आपण एससीए-2 (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया-2) म्हणतो. त्याचं जनुक सापडलं थेट 1996 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

त्याच सुमारास मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. डोळे बरे झाल्यावर काहींचे पाय लुळे पडू लागले, अगदी पोलिओसारखे. वाडियांनी हेही रुग्ण अभ्यासले. आधी डोळे आले होते का, हे विचारल्याशिवाय तो दुवा लागलाच नसता. विषाणू होता एन्टरोव्हायरस-70.

2012 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण न्यूरॉलॉजीत जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी आधी त्या नऊ कुटुंबांबद्दल सांगेन.