ट्रायम्फ टीआर४ : अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या लिंकेजला खेळ आलाय, पाच हजारांत काय करावं?

पर्वरीकर_टीआर४
नमस्कार मंडळी. वडिलांची १९६२ ची टीआर४ आहे, २१३८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. गेल्या पावसाळ्यापासून पेडल पहिला अर्धा इंच नुसतंच खाली जातं, मग गाडी एकदम उसळी घेते. मांडवी पुलावर गर्दीत हळूहळू पुढे सरकताना फार त्रास होतो. कधी पाय काढला तरी आयडल (इंजिनचे रिकामे फेरे) मिनिटाला दीड हजारावरच अडकतं. बुटाचं टोक पेडलखाली घालून वर उचललं की खाली येतं. पेडलचा आडवा शाफ्ट हाताने हलवला तर बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळीत) दोनेक एमएम खालीवर होतो. पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या लिंकेजमध्ये केबल नाही, सगळं रॉड आणि बॉल जॉइंटवर आहे. बार्देश-तिसवाडीत लेथचं बारीक काम मन लावून करणारा कोणी आहे का? बजेट पाच हजार, पावसाआधी व्हायला हवं.

मडगाव_१९५८
इंग्लंडहून पूर्ण सेट मागवा. शाफ्ट, बुश, रॉड, स्प्रिंगा, सगळं नवीन. मी माझ्या एमजीसाठी तसंच केलं, कस्टम्स धरून वीसेक हजार गेले, पण चार वर्षं बॉनेट उघडून तिकडे बघितलेलं नाही. जुन्या गाडीत ठिगळं लावायची नसतात.

डिचोलीचा_बार्जवाला
वीस हजार कशाला? आमच्याकडे बार्ज दुरुस्तीच्या यार्डात या. प्रोपेलर शाफ्टचे गनमेटलचे (कांशासारख्या मिश्रधातूचे) बुश बनवण्यात हयात गेलेले टर्नर आहेत, तुमचा बुश त्यांना अंगठीएवढा वाटेल. दोन-तीन थाउंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) खेळ ठेवायचा, आत तेलासाठी बारीक खाच मारायची. चहा पिऊन होईपर्यंत हातात. माझ्या विलीज जीपच्या पेडलला असाच बुश आहे, बारा वर्षं झाली.

कोल्हापूर_उद्यमनगर
गनमेटल चांगलंच, पण शाफ्टचं काय? गोव्यातल्या खाऱ्या हवेत शाफ्टला खड्डे पडलेले असणार. खडबडीत शाफ्टवर नवीन बुश घातला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. आधी शाफ्ट लेथवर धरून साफ करा, मग त्या मापाचा बुश. आमच्या उद्यमनगरात दोन्ही कामं एका दिवसात होतात.

डिचोलीचा_बार्जवाला
खाऱ्या पाण्यातलं काम कसं करायचं ते आम्हाला कोल्हापूरकडून शिकायला नको. शाफ्ट आम्हीही साफ करतो.

वास्को_हेराल्ड
रॉड काढून टाका, केबल घाला. मी माझ्या हेराल्ड गाडीला मोटारसायकलची केबल बसवली, अगदी हलकं पेडल. एकदा अनमोड घाटात केबलची एक तार सुटून आवरणात अडकली आणि थ्रॉटल उघडाच राहिला, पण ती केबल स्वस्तातली होती. चांगली घ्या.

म्हापसा_शुक्रवार
थ्रॉटल उघडा राहिला आणि वर सल्ला देता? असं माझ्याही बाबतीत झालंय, पण नायलॉनच्या बुशमुळे. ऐन जुलैत, शिवोलीच्या रस्त्यावर. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. शाफ्ट त्यात आवळला गेला आणि पेडल परत येईना. क्लच दाबला, न्यूट्रलला घेतलं, इंजिन बंद केलं. किल्ली बाहेर काढली नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक झालं असतं. माझ्या गाडीला ब्रेकचा सर्वोही (इंजिनच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) नाही, म्हणून इंजिन बंद असूनही ब्रेक तसाच लागतो. प्लास्टिकच्या वाटेला जाऊ नका. आणि रिटर्न स्प्रिंगा दोन लावा, वेगवेगळ्या टोकांना, म्हणजे एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल बंद करते.

मडगाव_१९५८
आयडल अडकण्याचं खरं कारण ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल असणार. इथेनॉलने माझ्या गाडीचे सगळे रबरी पाइप खाल्ले.

वास्को_हेराल्ड
पाइप तर माझेही गेले. पंपावर विचारलं तर दुसरं पेट्रोलच नाही म्हणतात.

साखळी_गॅरेजची_लेक
पेट्रोलचं राहू द्या. बुटाचं टोक खाली घालून पेडल उचललं की आयडल खाली येतं असं त्यांनी स्वतः लिहिलंय, म्हणजे दोष यांत्रिक आहे. दादा, काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास द्या. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल हाताने अगदी हळू दाबायला सांगा आणि तुम्ही फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) कार्ब्युरेटरपर्यंत प्रत्येक जोडावर बोट टेकवत जा. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून राहते, ते बोटाला लगेच कळतं. अर्ध्या इंचाचा खेळ एका जागी क्वचितच असतो. चार जोडांत थोडा थोडा साठतो.

मग इंजिन चालू करून कोणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा आणि इंजिन किती कलतं ते बघा. पेडल बॉडीवर आहे, कार्ब्युरेटर इंजिनवर. माउंटचं (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्याचं) रबर दबून बसलं असेल तर इंजिन हललं की रॉड आपोआप ओढला जातो. तुमची उसळी त्यातूनही येत असेल. थ्रॉटल स्पिंडलही (कार्ब्युरेटरमधली झडप ज्यावर फिरते तो दांडाही) हलवून बघा, तिथून हवा शिरत असेल तर आयडल कधीच नीट लागणार नाही. शेवटी पेडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर टप्पकन बंद होतो का, दोन्ही तपासा.

आटे यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे, आहेत. सहा एमएमचा नट जबरदस्तीने चढवू नका, रॉड वाया जाईल.

डिचोलीचा_बार्जवाला
बरोबर. पण बुश गनमेटलचाच करा.

कोल्हापूर_उद्यमनगर
शाफ्ट साफ करून.

पर्वरीकर_टीआर४
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं ऐकून रविवारी बोटं लावत गेलो. उजवा बुश जवळपास उरलेलाच नाही, दोन बॉल जॉइंट ढिले, आणि डाव्या माउंटच्या रबराला आरपार चीर. ती चीर मला दिसलीच नव्हती. स्पिंडल ठीक आहेत.

गनमेटल आणि इंग्लंडचा सेट दोन्ही घेत नाहीये. कुंडईला एक जण औषध कारखान्यांच्या पॅकिंग मशीनचे भाग डेलरिन नावाच्या प्लास्टिकमध्ये बनवतो. डेलरिन नायलॉनइतकं पाणी पीत नाही, तेल मागत नाही आणि खाऱ्या हवेत लोखंडाशी पितळेसारखं वैर धरत नाही. दोन बुश सातशे रुपयांत झाले. शाफ्टवर खड्डे होतेच, शून्य नंबरच्या कागदाने गुळगुळीत करून घेतला. माउंट आणि जॉइंट मिळून अडतीसशे. स्प्रिंगा दोन.

काल मांडवी पूल दोनदा ओलांडला. बोटभर दाबलं तरी गाडी ऐकते.

म्हापसा_शुक्रवार
प्लास्टिक ते प्लास्टिकच. जुलैत एकदा पेडल काढून बघाल ना?

पर्वरीकर_टीआर४
बघेन काका. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच.