मदत हवी आहे: पक्षनिधी आणि व्याघ्र प्रकल्प, दोन गाठी सुटत नाहीत

नमस्कार मंडळी. मी वाळपईची, यूपीएससीची तयारी करतेय. वाचन बहुतेक पणजीच्या कदंब बसमध्ये बसूनच होतं, त्यामुळे नोट्सची अक्षरं वाकडी आणि डोक्यातही गोंधळ.

निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव न उघड करता देणगी द्यायची योजना, १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केले, मतदाराच्या माहितीच्या हक्कावर गदा येते म्हणून. इथवर ठीक. पण २,००० आणि २०,००० हे आकडे मी दरवेळी उलटसुलट लिहिते. रोख देणगीची मर्यादा २,००० आणि देणगीदाराचं नाव निवडणूक आयोगाला कळवायचं ते २०,००० च्या वर, बरोबर ना? मग रोखे गेल्यावर निनावी पैशाला वाट उरली ती हीच का?

दुसरं म्हादई, आमच्या सत्तरीतलं अभयारण्य. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ मेले, तेव्हा घरी दुसरा विषय नव्हता. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने गोवा सरकारला तीन महिन्यांत तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-व्ही प्रमाणे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण शिफारस करतं, अधिसूचना राज्य काढतं. मग ती शिफारस राज्यावर बंधनकारक की नाही? मामांची काजूची बाग हद्दीला लागून आहे, त्यामुळे उत्तर लिहिताना मी तटस्थ राहतच नाही!

मेन्स दिलेल्या कुणा दादा-ताईंनी उत्तराचा सांगाडा दाखवला तर उपकार होतील.