मदत हवी आहे: निर्वात जारमध्ये भारित धूळ उडतच नाही

रत्नागिरीहून विचारतोय. चंद्रावरची धूळ भारित होऊन कशी उडते, ते बीएस्सीच्या मुलांना दाखवायचंय. काचेची बेल जार, रोटरी पंप, आत टंगस्टनची फिलामेंट उणे १२० व्होल्टवर. खाली ताटलीत जांभ्याची चाळलेली पूड, थापून सपाट केलेली. दाब ०.०५ मिलिबारखाली उतरत नाही, पंपाचं तेल दुधासारखं झालंय, फिलामेंट दोनदा जळली. कण एकही हलला नाही. व्होल्ट वाढवू का?

प्रतिसाद १
व्होल्ट राहू द्या, पूड बदला. जांभा पाणी धरून ठेवतो आणि पंप तेच ओढत बसतो. तेल पांढरं होतं ते त्यानेच. ओलसर कणावर भार टिकत नाही, शिवाय ते एकमेकांना चिकटतात. खडी क्रशरवरून काळ्या दगडाची भुकटी आणा. तो बेसॉल्ट, आणि चंद्रावरच्या काळ्या मैदानांतही बेसॉल्टच आहे. ३८ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, २०० अंशांवर रात्रभर भाजा, गरम असतानाच जारमध्ये घाला. मीठ पाघळतं अशा हवेत उघडी ठेवू नका.

तेल बदला. गॅस बॅलास्ट (वाफ तेलात न मुरता बाहेर जावी म्हणून पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडा ठेवून पंप अर्धा तास चालवा, मग ती बंद करा. ०.००१ मिलिबारच्या आसपास पोचल्याशिवाय फिलामेंट पेटवू नका. उरलेली वाफ आणि ऑक्सिजन ती खातात.

प्रतिसाद २
माझ्या मते खरी चूक थापण्यात आहे. हिशोब बघा. चंद्रावर दिवसा जमीन साधारण ५ व्होल्ट धन होते आणि ते मीटरभर उंचीत विरतात, म्हणजे विद्युत क्षेत्र मीटरला ५ व्होल्ट. ५ मायक्रॉन त्रिज्येच्या कणाने ५ व्होल्टला सुमारे १७,००० इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्याचं तिथलं वजन पेलायला मीटरला ९०० व्होल्ट लागतील! नुसत्या त्या क्षेत्राने तो उठणं शक्य नाही.

उडवतात त्या कणांमधल्या पोकळ्या. वरून (तुमच्याकडे फिलामेंटमधून) आलेला इलेक्ट्रॉन एका कणावर आदळतो, त्या धक्क्याने कणातून दुसरा, म्हणजे दुय्यम इलेक्ट्रॉन सुटतो आणि पोकळीतच शेजारच्या कणावर जाऊन बसतो. असे शेजारी शेजारी कण ऋण होत जातात आणि एकमेकांना ढकलतात. थापलंत की पोकळ्याच बुजल्या. भुकटी रांगोळीसारखी भुरभुरवा, १-२ सेंटिमीटर थर, बोटही लावू नका. ताटली काचेची घ्या, मागे काळा कागद, बाजूने तिरपा लेसर. इथे गुरुत्व सहापट, त्यामुळे उड्या ठेंगण्याच दिसतील.

मूळ प्रश्नकर्ता
आमचा ओव्हन १५० च्या वर जात नाही. चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण दोन रात्री ठेवा आणि थर पातळ पसरा. भाजण्यापूर्वी व नंतर वजन करा. वजन घटायचं थांबलं की काढा.