वाचनालयाच्या सभागृहातील माइक, स्पीकर आणि पडदा : खर्च कोणत्या क्रमाने करावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या वाचनालयाचे सभागृह १४ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच असून त्यात साठेक खुर्च्या मावतात. व्याख्याने आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांबरोबरच आसपासच्या गृहनिर्माण संस्था आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा येथेच घेतात. त्या ३० सप्टेंबरपर्यंत उरकाव्या लागत असल्याने ऑगस्टपासून सभागृहाला उसंत नसते. प्रोजेक्टर फिकट झाला आहे आणि लॅपटॉप जोडायला जुनी व्हीजीए केबलच आहे. मागच्या रांगांत आवाज पोहोचतो, पण शब्द कळत नाहीत, आणि आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो. कार्यकारिणीचा कल ८६ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा मोठा स्क्रीन) घेण्याकडे आहे. परगावच्या सभासदांना ऑनलाइन सहभागी होता यावे, अशीही मागणी आहे. सगळे एकाच वर्षी परवडणार नाही, तर सुरुवात कशापासून करावी?

उत्तर १ (ऐरोली)

माझ्या मते दोष यंत्रांपेक्षा खोलीचा अधिक आहे, त्यामुळे पहिला खर्च खोलीवरच व्हावा. आपल्या मापांवरून घनफळ सुमारे ४०० घनमीटर येते. आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ सॅबाइन यांच्या सूत्राने काढता येतो : ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण (खोलीतल्या वस्तू आणि माणसे किती आवाज गिळतात, त्याचे चौरस मीटरमधले माप). गिलावा, लादी आणि काच यांचे शोषण जेमतेम १२ चौरस मीटर आणि साठ माणसांचे पंचवीसेक धरले, तर भरल्या सभागृहातही हा वेळ पावणेदोन सेकंद निघतो. भाषण नीट कळायला तो ०.६ ते ०.८ सेकंद असावा लागतो. त्याहून वाढला की एका अक्षराचे शेपूट पुढच्या अक्षरावर पडते, आणि अशा वेळी आवाज वाढवला तर शेपूटही तेवढेच वाढते. आवाज शोषणारी, ५० मिलिमीटर जाडीची ग्लासवूलची (काचतंतूंच्या लोकरीची) पॅनेल सुमारे ५० चौरस मीटर बसवल्यास हा वेळ ०.८५ सेकंदाच्या आसपास येईल. (सॅबाइन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या ज्या व्याख्यानगृहावर हे काम सुरू केले, तेथील तक्रारही हीच होती, शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून त्यांनी मोजमापे घेतली होती.) पॅनेलचे कापड अग्निरोधक असावे आणि विक्रेत्याची चाचणी रिकाम्या सभागृहात घेऊ नये, कारण माणसांनी शोषलेला आवाज तेव्हा हिशेबात येत नाही.

माइकबाबत एवढेच की, तोंड आणि माइक यांतले अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, आणि चालू माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायला असलेला वाव ३ डेसिबलने कमी होतो. म्हणून व्यासपीठावर मोजकेच गूजनेक (वाकवता येणाऱ्या दांड्याचे) माइक ठेवावेत आणि उभे कॉलम स्पीकर त्यांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावावेत. जुने वायरलेस माइक ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले असतील तर ते बदलावेच लागतील. २०२२ च्या लिलावापासून तो पट्टा मोबाइल सेवेसाठी गेला आहे.

उत्तर २ (नेरूळ)

वरील क्रम मान्य आहे, मात्र इंटरॅक्टिव्ह पॅनेलचा विचार आताच थांबवावा, असे सुचवतो. ८६ इंची पॅनेलची उंची १०७ सेंटिमीटर असते. साधे चित्र उंचीच्या सहापट अंतरापर्यंत नीट दिसते, म्हणजे येथे साडेसहा मीटरपर्यंत; आणि ताळेबंदातले आकडे वाचायचे असतील तर चारपट, म्हणजे सव्वाचार मीटर. ज्या सभेत आकड्यांवरूनच वाद होतात, तेथे निम्म्या सभासदांना ते दिसणार नसतील तर एवढ्या महागड्या पॅनेलचा उपयोग काय? मागची रांग १२ मीटरवर असेल तर सहापटीच्या हिशेबानेही चित्र किमान २ मीटर उंच हवे, म्हणजे सुमारे १६० इंच. पडद्याची खालची कड जमिनीपासून १.३ मीटरवर ठेवली तरी तो आपल्या उंचीत बसतो. ५,००० लुमेनचा लेझर प्रोजेक्टर आणि खिडक्यांना जाड पडदे एवढ्याने काम भागेल. एचडीएमआयची साधी केबल १० मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. त्याऐवजी कॅट-६ या नेटवर्कच्या वायरवरून चित्र आणि आवाज लांबवर नेणारी एचडीबेसटी जोडणी घ्यावी.

उत्तर ३ (घोडबंदर रस्ता, ठाणे)

ऑनलाइन सभेत कॅमेऱ्यापेक्षा आवाजाची मांडणी चुकण्याची शक्यता जास्त असते. दूरच्या सभासदाचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून माइकात शिरला, तर त्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते. त्यासाठी प्रतिध्वनी काढून टाकणारा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा) मिक्सर लागतो, आणि लॅपटॉपकडे जाणाऱ्या आवाजातून दूरच्या सभासदाचा आवाज वगळावा लागतो. श्रवणयंत्र वापरणारे ज्येष्ठ येत असतील तर फरशीच्या कडेने इंडक्शन लूपची तार आताच टाकून घ्यावी. टेलिकॉइल (अशा तारेचा चुंबकीय संकेत पकडणारे छोटे वेटोळे) असलेल्या श्रवणयंत्रात वक्त्याचा आवाज थेट पोहोचतो. लादी पुन्हा उखडणे कोणालाच परवडत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. इंटरॅक्टिव्ह पॅनेलचा प्रस्ताव मागे घेण्याची सूचना मी बैठकीत मांडीन. एक अडचण आहे : छतावर पंख्यांच्या दोन रांगा आहेत, त्यामुळे तेथे ग्लासवूलच्या पॅनेलसाठी ५० चौरस मीटर जागा मिळणे कठीण दिसते.

उत्तर १ (ऐरोली)

मग मागची भिंत आधी घ्यावी, कारण व्यासपीठावरून निघालेला आवाज तिच्यावर आपटूनच माइकाकडे परततो. उरलेली पॅनेल बाजूच्या भिंतींवर खांद्याच्या उंचीपासून वर आणि पंख्यांच्या रांगांमधल्या पट्ट्यात बसतील. पंख्याच्या पात्यांजवळची जागा मोकळी सोडावी.