डिसेंबरात आईबाबांना पुण्यात काय दाखवू?

कोथरूडकर: आईबाबा डिसेंबरमध्ये नगरहून येतायत, दोघांनाही गाण्याची आवड आहे पण बाबांचे गुडघे दुखतात, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला न्यावं का? अजून काय असतं त्या दिवसांत?

पेठेतला: न्याच! पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव आहे. पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला असतो. भारतीय बैठकीचं तिकीट मात्र घेऊ नका, गुडघ्यांची वाट लागेल, खुर्चीचंच घ्या. आणि शाल स्वेटर न्या, मांडव उघडा असतो, रात्री जाम गारठा पडतो.

स्वारगेटवाली: गाडी अजिबात काढू नका, पार्किंगच्या नावाने बोंब आहे तिकडे. वनाजहून मेट्रो पकडा, सिव्हिल कोर्टला बदला, स्वारगेटला उतरून रिक्षा करा, पण परतताना शेवटची मेट्रो किती वाजता ते आधीच बघून ठेवा, नाहीतर रिक्षावाल्याशी हुज्जत घालत बसाल.

खादाड: आईंना भीमथडी जत्रेला न्या, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर असते. बचतगटाच्या बायका समोर चुलीवर गरमागरम भाकरी थापून देतात. रविवारी जाऊ नका पण, मुंगीला शिरायला जागा नसते.

कोथरूडकर: खुर्चीचंच बघतो. बाबा म्हणतात मटण भाकरी आधी, गाणं नंतर 😄