सल्ला हवा: पीएचपीतून निघणारं एचटीएमएल वाचता येईल असं कसं काढायचं?

यावलचा_केळीवाला
राम राम मंडळी. घरच्या केळीच्या धंद्यासाठी रोजच्या भावाचं एक वेबपान पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी, पान तयार करून देणारी भाषा) केलंय. तारीख, गाव, माल, क्विंटलचा भाव, एवढंच टेबल. एको (पीएचपीतली छापायची आज्ञा) लावत लावत लिहीत गेलो. पान झकास दिसतं, पण व्ह्यू सोर्स (ब्राउझरमध्ये पानाचा मूळ कोड) उघडलं की अख्खं टेबल एकाच ओळीत, रावेरपासून चोपड्यापर्यंत. परवा एक डिव्ह (पानाचा एक भाग बांधणारा टॅग) बंद करायचा राहिला, तो शोधण्यात दीड तास गेला. बॅकस्लॅश-एन (नव्या ओळीची खूण) टाकून पाहिलं तर पानावर बॅकस्लॅश-एनच छापून आलं! आपोआप ओळी मोडून देणारं काही आहे का? शेअर्ड होस्टिंग, पीएचपी ८.१.

भुसावळ_जंक्शन
बॅकस्लॅश-एन एकेरी अवतरणात टाकलं असशील. दुहेरीत टाक, ओळ मोडेल. पण तो रस्ता धरू नको भो. मी धरला होता. टॅब मोजून प्रत्येक ओळ आत सरकवणारं फंक्शन लिहिलं, सोर्स एकदम देखणा. मग गिऱ्हाइकाचा फोन, पत्त्याच्या रकान्यात मोकळी जागा वाढत चाललीय म्हणे. टेक्स्टएरियाच्या, म्हणजे पत्ता लिहायच्या त्या रकान्याच्या, आतला मजकूरही माझं फंक्शन सरकवत होतं, आणि दर सेव्हला ती जागा डेटाबेसात जात होती.

तुझं दुखणं ओळींचं नाही, एकोचं आहे. आधी वरती सगळा हिशोब कर, डेटाबेसातून ओळी काढून एका अ‍ॅरेत ठेव. मग दुसऱ्या फाईलमध्ये साधं एचटीएमएल लिही, मध्ये फक्त फॉरईच-एंडफॉरईच (एकेक ओळ घेऊन फिरणारी आज्ञा) आणि छोटा एको टॅग. हाताने जसं लिहिशील तसंच बाहेर पडेल. एक गंमत मात्र ध्यानात ठेव: पीएचपीचा बंद होणारा टॅग त्याच्या लगेच नंतरची एक नवी ओळ गिळतो, म्हणून कुठे दोन ओळी चिकटलेल्या दिसल्या तर घाबरू नको. आणि छापण्याआधी प्रत्येक गोष्ट एचटीएमएलस्पेशलचार्समधून (मजकुरातली चिन्हं टॅग समजली जाऊ नयेत म्हणून बदलणारं फंक्शन) काढ, हे ओळी मोडण्यापेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

धुळेकर_अप्पा
तेवढं करायचा कंटाळा असेल तर टायडी, एचटीएमएल नीटनेटकं करून देणारं. होस्टिंगवर ते एक्स्टेंशन चालू आहे का बघा आधी. इंडेंट (ओळी आत सरकवणं) चालू, रॅप (लांब ओळी मोडणं) शून्य, आणि एन्कोडिंगला यूटीएफ८ सांगायला विसरू नका. मी मात्र ते फक्त माझ्या मशीनवर, चुका शोधायलाच वापरतो. गिऱ्हाइकाला सोर्स देखणा दिसून काय उपयोग? कोण बघतं?

भुसावळ_जंक्शन
अप्पांशी सहमत. डीओएमडॉक्युमेंटच्या (एचटीएमएल वाचून पुन्हा लिहिणारं पीएचपीतलं साधन) नादी तर लागूच नको. कॅरेक्टरसेट सांगितला नाही तर ते मजकूर आयएसओ-८८५९-१ समजतं, आणि आपल्या 'यावल'चं भरीत होतं. न बंद झालेला डिव्ह शोधायला डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर आहे. एफ१२मध्ये (ब्राउझरची डेव्हलपर टूल्स) शोधू नको, तिथे ब्राउझरने स्वतः दुरुस्त केलेलं झाड दिसतं. सर्व्हरने काय पाठवलं ते व्ह्यू सोर्समध्येच.

तापीकाठची
हिअरडॉक (पीएचपीत अनेक ओळींचा मजकूर एकत्र लिहायची पद्धत) कुणीच सुचवलं नाही? पीएचपी ७.३पासून त्याचा शेवटचा, मजकूर संपवणारा शब्द आत सरकवता येतो आणि तेवढी मोकळी जागा प्रत्येक ओळीतून आपोआप कापली जाते. ईमेलच्या छोट्या तुकड्यांना मी तेच वापरते. मोठ्या पानाला मात्र वेगळी फाईलच बरी. पाने वाढली तर ट्विग (टेम्प्लेटसाठीचं तयार साधन) घ्या, नुसत्या भावाच्या टेबलाला नको.

यावलचा_केळीवाला
दोन फाईली केल्या, रविवार गेला. एकशे चाळीस ओळींचे एको गेले, टेम्प्लेट पस्तीस ओळींत बसलं. डिव्ह आता नजरेनेच सापडतो. पण नवीनच भानगड: 'आजचा भाव' आणि 'कालचा भाव' ही दोन बटणं आधी चिकटून होती, आता मध्ये फट आलीय. सीएसएसला हातही लावला नाही, देवाशपथ.

तापीकाठची
आधी सगळं एका ओळीत होतं ना, आता दोन बटणांच्या मध्ये नवी ओळ आहे. ब्राउझर ती एक स्पेस म्हणून दाखवतो. बाहेरच्या डिव्हला डिस्प्ले फ्लेक्स द्या, जाईल.

यावलचा_केळीवाला
गेली.