मदत हवी आहे: ऑटोक्रॉसच्या गाडीत कॅमेरे कुठे, कसे बसवायचे? (ड्रायव्हरचे पायही दिसायला हवेत)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आसरा चौकाच्या पुढे आमचं छोटं गॅरेज आहे. धाकटा भाऊ दोन वर्षांपासून ऑटोक्रॉस चालवतो, म्हणजे घड्याळ लावून कच्च्या ट्रॅकवर गाडी पळवायची शर्यत. गाडी 2008 ची पेट्रोल स्विफ्ट, जुनं 1.3 चं इंजिन, आतली ट्रिम काढून रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) बसवलेली. तो चालवतो, मी बांधतो. शर्यतीत मी दोरीच्या अलीकडे उभा असतो आणि धुरळ्यातून मला नुसता गाडीचा आवाज येतो. आत त्याचं काय चाललंय ते कधी दिसत नाही, आणि उतरल्यावर विचारलं तर "मस्त गेली की" एवढंच उत्तर. म्हणून कॅमेरा हवाय. रीलसाठी नको, गाडी आणि गडी दोन्ही सुधारायला हवाय.

मागच्या महिन्यात पुण्याजवळ एका शर्यतीला सेकंड हँड ॲक्शन कॅमेरा घेऊन गेलो. पुढच्या डाव्या दाराच्या काचेला सक्शन कपनं आतून चिकटवला, तोंड ड्रायव्हरकडे. पहिला रन बघवत नाही. स्टिअरिंग, डॅशबोर्ड, भावाचे हात, सगळं पाळण्यात बसल्यासारखं झुलतंय. समोरच्या काचेबाहेर पांढरं फटक, रस्ता नाहीच. आवाज म्हणजे नुसती फरफर. इंजिन कुठे गुदमरतं ते मी कानानं ओळखतो, पण इथे इंजिनच ऐकू येत नाही.

दुसऱ्या रनला चाळिसाव्या सेकंदाला कॅमेरा निसटून खाली पडला आणि गिअर लिव्हरपाशी अडकून राहिला. पुढचं मिनिटभर त्यात फक्त भावाचे पाय दिसतात. ते मिनिट मी त्या रात्री दहा वेळा बघितलं. सरळ रस्त्यावरही डावा पाय क्लचवरून उतरत नाही, बुटाचा पंजा पेडलवर टेकलेलाच. या हंगामात दोन क्लच प्लेटी जळाल्या. माल खराब म्हणून मी दुकानदाराशी भांडलोही होतो. परवा जाऊन माफी मागून आलो.

पण तोच कॅमेरा ब्रेकच्या पेडलखाली गेला असता तर? या विचारानं अजून अंगावर काटा येतो. तिसऱ्या रनला तो रांगेत उभ्या उभ्याच तापून बंद पडला. शिवाय स्क्रूटिनीला (शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला) सांगितलं की पुढच्या वेळी नुसता सक्शन कप चालणार नाही.

तर आता दोन कॅमेरे लावायचे आहेत, एक हातांवर आणि रस्त्यावर, दुसरा पायांवर. माउंट कसा करू? झुलणं कशानं जाईल? आवाजाचं काय करू? आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला असतो, तेव्हा कॅमेरा थंड कसा ठेवू? भाऊ म्हणतो पाण्याच्या बाटल्यांसोबत बर्फाच्या पेटीत ठेवू. बजेट बेताचं आहे, पण लेथ आणि वेल्डिंग घरचं आहे.

प्रतिसाद १ (कोल्हापूरहून)

दादा, आधी माउंटचं बोलू. बाकीचं चुकलं तर फक्त व्हिडिओ बिघडतो, हे चुकलं तर माणूस जायबंदी होतो.

काच आणि प्लॅस्टिक सोडा, केजलाच धरा. सीटमागची मुख्य कमान बहुतेक 45 किंवा 50 मिमीच्या पाइपची असते, बाकीचे पाइप 38-40 चे. कॅलिपरनं मोजा आणि त्या मापाचा दोन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प लेथवर करून घ्या. घाई असेल तर सायलेन्सरचा यू क्लॅम्पही चालतो, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी घाला म्हणजे घसरणार नाही. केजच्या पाइपला भोक पाडू नका आणि त्यावर काही वेल्डही करू नका. कॅमेऱ्यासाठी केज कमजोर करायची नसते, आणि स्क्रूटिनीवाले ते लगेच पकडतात.

ॲक्शन कॅमेऱ्याच्या खालच्या कानांतून M5 चा बोल्ट जातो. सोबत येणारा प्लॅस्टिकचा हातस्क्रू फेकून द्या, स्टीलचा बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, थरथरीनं न सुटणारा) लावा. दांडी शक्य तितकी आखूड. जितके सांधे जास्त, तितकी थरथर जास्त. आणि माउंट कितीही पक्का असला तरी कॅमेऱ्याला पातळ स्टीलची वायर बांधून ती केजला वेगळ्या जागी अडकवा. तिची लांबी एवढीच ठेवा की सुटला तरी कॅमेरा पेडलपर्यंत पोचणार नाही. ओढून बघा आणि मग भावाला बसवा.

हातांचा कॅमेरा दोन सीटच्या मधे, मुख्य कमानीवर, ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीला. हात, स्टिअरिंग, गिअर आणि समोरचा रस्ता एका चौकटीत येतात. हेल्मेटवर कॅमेरा चिकटवायचं मनातही आणू नका. हेल्मेटची चाचणी काही न चिकटवता झालेली असते, आणि उलटल्यावर तोच कॅमेरा मान पिळतो.

प्रतिसाद २ (पुण्याहून, व्हिडिओचं काम करतो)

झुलण्याचं कारण स्टॅबिलायझेशन. ते कॅमेऱ्यातल्या जायरोवर (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर) चालतं. गाडी हलली की कॅमेऱ्याला वाटतं आपणच हललो, आणि तो चित्र उलट्या दिशेनं सरकवतो. चालत्या माणसाच्या हातात ते छान, पण गाडीत कॅमेरा आणि डॅशबोर्ड एकत्रच हलत असतात. त्यामुळे स्थिर असलेली गाडीच हलताना दिसते. पूर्ण बंद करा.

काचेबाहेरचं पांढरं फटक होतं कारण आत अंधार असतो आणि कॅमेरा त्या अंधाराला जुळवून घेतो. गाडी उन्हात स्टार्ट लाइनच्या दिशेनं उभी करा, स्क्रीनवर बाहेरच्या रस्त्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. आत थोडं काळं पडेल, पडू द्या. डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत येत असेल तर डॅशबोर्डवर काळं मॅट कापड पक्कं चिकटवा. तुमच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणतात, काळा तुकडा मिळाला तर तोच सर्वांत भारी, उजेड पिऊन टाकतो. नुसता अंथरू मात्र नका.

4K चा मोह सोडा. 1080p ला सेकंदाला 60 फ्रेम घ्या, पाय कधी उचलला ते स्लो करून नीट दिसतं, आणि कॅमेरा तापतोही कमी. 60 एमबीपीएसनं तासाला 27 जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीच्या कार्डावर दोन तास आरामात. कार्डावर V30 (व्हिडिओ साठवण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

आवाजासाठी कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका. साधा व्हॉइस रेकॉर्डर घ्या, फोममधे गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटमागे केजला बांधा. ऑटो गेन (आवाज आपोआप वरखाली करणारी सोय) बंद करून लेव्हल हातानं खाली आणा, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की आवाज फाटतो. रनच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर जोरात टाळी वाजवा. घरी तिन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवायची.

बर्फाची पेटी नको. गार कॅमेरा सोलापुरी हवेत काढला की लेन्सला आतून दव धरतं. कॅमेरा चालत्या हवेनं थंड होतो, म्हणून उभ्या गाडीत तो चालू ठेवू नका. रांगेत असताना बंद, वर पांढरं फडकं, आणि रेकॉर्डिंग स्टार्ट लाइनला.

प्रतिसाद ३

गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवरून थेट चालवत असाल तर लक्षात घ्या, सेल्फ मारताना सॉकेट क्षणभर मरतं आणि कॅमेरा बंद होतो. फ्यूज घालून 12 ते 5 व्होल्टचा कन्व्हर्टर लावा, पण तो किल स्विचच्या (गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पुढे, म्हणजे बॅटरीकडून थेट नाही, स्विचमधून येणाऱ्या विजेवर. स्विच दाबला की गाडीतलं सगळं मेलंच पाहिजे. कॅमेऱ्यातली बॅटरी काढू नका. वीज अचानक गेली आणि आत बॅटरी नसेल तर फाइल अर्धवट राहते.

दुसरा कॅमेरा घेताना: गोप्रोमधे हीरो 5 ते 11 ब्लॅकला जीपीएस आहे, 12 ला काढलं होतं, 13 ला परत आलं. वेगाचा आलेख हवा असेल तर हे बघून घ्या. मोबाइलचं जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा सांगतं. 100 च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळपास 28 मीटर गेलेली असते, म्हणजे ऑटोक्रॉसचं आख्खं वळण हातचं सुटतं.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या दादांनी सांगितला तसा क्लॅम्प लेथवर केला, कमान 45 ची निघाली. पायांचा कॅमेरा डाव्या बाजूच्या पुढच्या पाइपला खाली बांधला, वायर फक्त वीतभर. तिथे अंधार होता म्हणून पायांवर एलईडीची पट्टी लावली, पण चित्रात काळे पट्टे धावायला लागले. ती काढून साधा जुना 12 व्होल्टचा केबिनचा बल्ब लावला, पट्टे गेले.

काल मामांच्या मुरमाड पडीक रानात सकाळी सातलाच चाचणी घेतली, ऊन चढायच्या आत. सहा फेऱ्या झाल्या, काही सुटलं नाही, काही तापलं नाही. रेकॉर्डरमधून तिसऱ्या गिअरला साडेतीन हजार आरपीएमवर इंजिन अडखळतं ते स्वच्छ ऐकू आलं. आज प्लग काढून बघतोय.

भावाला शेजारी बसवून त्याचेच पाय दाखवले. सहाही फेऱ्यांत डावा पाय क्लचवर. तो काही बोलला नाही, त्यानं क्लिप मागं नेऊन परत लावली, मग उठून भंगारातून चेकर्ड पत्र्याचा तुकडा शोधून आणला. म्हणाला, पाय ठेवायला दुसरी जागाच नाहीये तिथे. बघितलं तर खरंच, ट्रिम काढताना मूळचा फूटरेस्ट मीच काढून टाकला होता. संध्याकाळी तो पत्रा वाकवून क्लचच्या डावीकडे बोल्टनं बसवतोय. किती उंच ठेवू, पेडलच्या बरोबरीनं की थोडा खाली? कुणी बसवला असेल तर माप सांगा.